गंज पुसू नये

प्रत्येक छंदाचे काही अलिखित नियम असतात. जुनी नाणी जमवणारा नाणे चिंचेने घासत नाही, पोथ्या जमवणारा पानांच्या कडा कापून सारख्या करीत नाही. जपानी तलवारींच्या जगात असा एक नियम सर्वांत वरचा मानला जातो, आणि तो नवख्याला प्रथम विचित्र वाटतो. मुठीच्या आतला गंज पुसायचा नाही. पाते आरशासारखे स्वच्छ हवे, त्यावर बोटाचा ठसासुद्धा खपवून घेतला जात नाही. पण त्याच पोलादाचा जो वीतभर भाग लाकडी मुठीत दडलेला असतो, त्यावर शतकानुशतके साचलेला गंज मात्र जिवापाड जपला जातो. या भागाला जपानीत 'नाकागो' म्हणतात. हौसेने नाकागो घासून चकचकीत केला, तर उत्तम तलवारीचेही मोल क्षणात उतरते, कारण तिची साक्षच त्या माणसाने खरवडून टाकलेली असते.

मला या गंजाविषयी लिहायचे आहे; आणि तो इतक्या निष्ठेने जपणारी माणसे दुसरा एक गंज किती सहज पुसून टाकतात, त्याविषयीही.

पुण्यात जपानी भाषा शिकलेल्या अनेकांप्रमाणे मीही भाषांतराच्या कामानिमित्त काही वर्षे तोक्योत काढली. कार्यालयातले एक वयस्क सहकारी महिन्यातून एकदा तलवारी पाहण्याच्या बैठकीला जात. एकदा त्यांच्याबरोबर गेलो आणि मग जातच राहिलो. तलवार विकत घेण्याची ऐपत नव्हती, आणि खरे सांगायचे तर इच्छाही नव्हती. मला ओढ लागली ती ओळखण्याच्या शास्त्राची. या शास्त्राला 'कान्तेइ' म्हणतात.

बैठकीत चारपाच पाती मांडलेली असतात. त्यांचे नाकागो झाकलेले. आपण एकेका पात्यापुढे बसायचे, वाकून नमस्कार करायचा, मग ते दिव्याकडे रोखून न्याहाळायचे. बोलायचे नाही, कारण तोंडातून उडालेला सूक्ष्म तुषारही पोलादावर डाग पाडतो. (हा नियम आपल्याकडच्या चर्चासत्रांना लावता आला तर काय बहार येईल, असे मनात येऊन गेले.) पाहून झाल्यावर चिठ्ठीवर लोहाराचे नाव लिहून परीक्षकाकडे द्यायचे. परीक्षकाची उत्तरे ठरलेली. नाव अचूक असेल तर 'आतारी'. लोहार दुसरा, पण त्याच घराण्यातला आणि त्याच्या इतका जवळचा असेल की ते उत्तर बरोबर मानावे, तर 'दोझेन'. काळ चुकला तर तसे सांगतात. निदान प्रांतांची वाट बरोबर पकडली असेल, तर वाट बरोबर आहे असे सांगतात. तीन चिठ्ठ्या झाल्या की संधी संपली.

ही पद्धत मला आपल्या संगीतातल्या जाणकार श्रोत्याची आठवण करून देई. गायकाचे नाव न सांगता ध्वनिमुद्रिका लावली, तर तो आधी काळ सांगतो, मग घराणे, मग माणूस. तलवारीचेही तसेच. आकृतीवरून काळ ओळखायचा, पोलादाच्या पोतावरून घराणे आणि धारेवरच्या रेघेवरून माणूस.

आकृतीवरून काळ कळतो, कारण आकृती युद्धाच्या पद्धतीने ठरते. हेइआन आणि कामाकुरा काळातली 'ताची' घोडेस्वाराची तलवार. ती धार खाली करून कमरेला टांगलेली असे, आणि तिचा बाक मुठीजवळ जास्त असे. चौदाव्या शतकात नानबोकुचो काळातल्या यादवीत पाती प्रचंड लांब झाली. पुढे पायदळाचे महत्त्व वाढले, तशी धार वर करून कमरबंदात खोवायची, आटोपशीर 'काताना' आली. लांब ताचींचे मग काय झाले? बऱ्याच बुडाकडून कापून आखूड करण्यात आल्या. त्या कापाकापीत नाकागो गेला, आणि त्यावर कोरलेली लोहाराची सहीही गेली. आज मोठमोठ्या लोहारांची म्हणून मानली जाणारी कित्येक पाती बिनसहीची आहेत, त्याचे हे एक कारण. १६६० च्या दशकातल्या, म्हणजे कानबुन काळातल्या पात्यांना बाक अगदी थोडा. हे एकदा डोळ्यांत बसले, की खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही अंदाज बांधता येतो.

धारेवरच्या रेघेबद्दल जरा विस्ताराने सांगतो, कारण तिच्यासाठी आपल्या भाषेत एक फार नेमका शब्द आहे. आपला लोहार कोयत्याला किंवा विळ्याला 'पाणी देतो'. तापलेले लोखंड पाण्यात बुडवून कठीण करण्याच्या या क्रियेवरून माणसाच्या स्वभावालाही आपण 'पाणीदार' म्हणतो. जपानी लोहार हेच करतो, फक्त पाणी देण्यापूर्वी पात्यावर मातीचा लेप चढवतो. पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. मग तापलेले पाते एकदम पाण्यात बुडवतो. पातळ लेपाखालची धार झटक्यात निवते आणि अतिशय कठीण होते. जाड लेपाखालची पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. कठीण होणारे पोलाद किंचित फुगते, त्यामुळे पात्याचा बाक याच क्षणी वाढतो. कित्येक पाती याच क्षणी तडकतात आणि अनेक दिवसांची मेहनत वाया जाते. कठीण आणि चिवट यांच्या सीमेवर जी धूसर, पांढरी रेघ उमटते, ती 'हामोन'. तिच्यात सुटे चमकणारे कण दिसतात त्यांना 'निए' म्हणतात. कण इतके बारीक असले की धुक्याचा पट्टा वाटावा, तर त्याला 'निओइ'. बिझेन प्रांताच्या लोहारांच्या रेघेत लवंगेच्या कळ्यांसारखे झुबके दिसतात. तेराशे सालाच्या आसपास सागामी प्रांतात होऊन गेलेल्या मासामुनेच्या परंपरेत निएचे तेज असते. आपल्या जुन्या पोलादी पात्यांचा 'जौहर' ज्याने पाहिला असेल, त्याला हा आनंद वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

ही रेघ दिसते ती 'तोगिशि'मुळे. आपल्याकडे याच धंद्यातल्या माणसाला शिकलगार म्हणत. तोगिशि वेगवेगळ्या नैसर्गिक दगडांवर पाते घासत जातो आणि शेवटी दगडाच्या पातळ चकत्या अंगठ्याखाली धरून एकेक भाग उजळतो. पण प्रत्येक उजळणीत थोडे पोलाद कमी होते. फार वेळा उजळलेल्या पात्याला जाणकार 'थकलेले' म्हणतात. उजळणे म्हणजे काही अंशी झिजवणेच आहे, याचे भान या लोकांना पुरेपूर आहे.

आता नाकागोकडे वळू. चिठ्ठ्या झाल्या की झाकण काढतात, आणि ज्याने जे लिहिले असेल त्याचा तिथे निकाल लागतो. मूठ पात्यावर बांबूच्या एका लहानशा खुंटीने बसवलेली असते. ती काढली, की पाते मुठीतून सुटे होते. नाकागोवर लोहाराचे नाव असते, बऱ्याचदा गाव आणि प्रांतही. दुसऱ्या बाजूला तारीख: अमुक शक, अमुक वर्ष, आणि बहुधा दुसरा किंवा आठवा महिना, कारण तसे लिहिण्याचा संकेतच होता. सही कोणत्या बाजूला आहे यावरून ती ताची म्हणून घडवली की काताना म्हणून, हे कळते, कारण कमरेला लावल्यावर सहीची बाजू बाहेर राहावी अशी रीत होती. खुंटीची भोके किती, यावरून मुठी किती वेळा बदलल्या याचा अंदाज येतो. कानशीच्या तिरप्या, आडव्या रेघा घराणे सांगतात.

आणि गंज वय सांगतो. जुना गंज काळसर, दाट, अंगात मुरलेला. नवा तांबूस आणि भुसभुशीत. खोट्या सह्यांचा सुळसुळाट या क्षेत्रात शेकडो वर्षांचा आहे. त्यांना 'गिमेइ' म्हणतात. सतराव्या शतकातला नागासोने कोतेत्सु हा मूळचा चिलखते बनवणारा कारागीर. त्याच्या तलवारींची इतकी नक्कल झाली, की कोतेत्सु दिसला की तो खोटाच समजावा, अशी म्हण पडली. नक्कल करणारा अक्षरे हुबेहूब कोरतो, पण त्याची छिन्नी जुना गंज भेदून जाते. अक्षराच्या खाचेतला गंज आणि भोवतालचा गंज यांचे वय जुळत नाही. ज्याने गंज साफ केला, त्याने ही ओळखण्याची वाटच बंद केली. हे एकदा समजले, की तो नियम विचित्र राहत नाही.

नाकागोवर आणखीही एक मजकूर असू शकतो. एदो काळात तलवारीची धार मृत्युदंड झालेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर तपासून पाहत. शोगुनसाठी हे काम यामादा आसाएमोन हे नाव पिढ्यान्‌पिढ्या लावणारे घराणे करी. परीक्षेचा निकाल नाकागोवर कोरला जाई, कधी सोन्याने भरला जाई. एका घावात दोन धडे तुटली, अशा अर्थाची सोनेरी अक्षरे मी स्वतः एका नाकागोवर वाचली आहेत. ते पाते त्या बैठकीत हातोहात फिरत होते. अक्षरांचे वळण सुंदर होते. सर्वांनी त्या वळणाची तारीफ केली. अशा लेखाने तलवारीची किंमत वाढते, हेही कोणीतरी हलक्या आवाजात सांगितले. ती धडे कुणाची होती, हा प्रश्न तिथे कुणी विचारला नाही. विचारण्याची ती जागाही नव्हती. माझ्या मनात मात्र तो राहून गेला.

*

पुरातन तलवारींच्या जगातून लष्करी तलवारींच्या जगात शिरताना मध्ये १८७६ हे वर्ष लागते. त्या वर्षी मेइजी सरकारने तलवार बाळगण्यावर बंदी घातली आणि सामुराईच्या कमरेची ओळख पुसली. बहुतेक लोहारांनी सुऱ्या, कात्र्या, शेतीची अवजारे यांचा आसरा घेतला. नव्या लष्कराने १८८६ साली अधिकाऱ्यांसाठी तलवार ठरवली, तिची मूठ युरोपीय सेबरच्या धर्तीची होती. शिवकालातली 'फिरंग' आठवावी: परदेशी पाते आणि देशी मूठ. जपानमध्ये उलट झाले. कधी कधी देशी पाते आणि परदेशी घाटाची मूठ. मुठीकडे पाहून राज्यकर्त्यांना कोणासारखे दिसायचे आहे ते कळते. १९३४ साली वारे फिरले. युरोपीय मूठ गेली आणि जुन्या ताचीच्या घाटाची, गुंडाळलेल्या मुठीची 'शिन्गुन्तो' आली. ९४ नमुन्याची १९३४ सालची, ९८ नमुन्याची १९३८ सालची. युद्धाच्या वाटेवर निघालेल्या राष्ट्राला आता आपल्याच मध्ययुगासारखे दिसायचे होते.

या तलवारी ओळखणे हेही एक शास्त्रच आहे, पण रेघेच्या धुक्याइतके तरल नाही. अधिकारी तलवार स्वतःच्या पैशाने घेत, त्यामुळे त्यांच्या पात्यांत अपार विविधता आढळते. मुठीच्या टोकाला बांधलेल्या गोंड्यात निळा असेल तर कनिष्ठ अधिकारी, लाल असेल तर मेजर ते कर्नल, लालसोनेरी असेल तर जनरल. नाकागोवर छाप असतात. 'शोवा' किंवा 'सेकी' असा छाप असेल तर पाते बहुधा पारंपरिक पद्धतीचे नव्हे. बरीचशी तेलात निववलेली, रेघ दिसते पण तिच्यात निएचा जिवंतपणा नसतो. यांना 'शोवातो' म्हणतात. चांदणीचा छाप असेल तर लष्कराने नेमलेल्या पारंपरिक लोहाराचे काम. १९३३ पासून १९४५ पर्यंत तोक्योच्या यासुकुनी देवळाच्या आवारातच लोहारशाळा चालत होती. तिथे जुन्या पद्धतीने सुमारे ८,१०० तलवारी घडल्या. दक्षिण मांचुरिया रेल्वेनेही दाइरेनच्या आपल्या कारखान्यात तलवारी बनवल्या, आणि त्यांवर आशियाच्या उत्थानासाठी 'एक मन' होण्याची घोषणा कोरली. रेल्वेने तलवारी बनवाव्यात, यापेक्षा त्या काळाचे नेमके वर्णन मला सुचत नाही.

सगळ्यांत खालच्या पायरीवर ९५ नमुन्याची तलवार, १९३५ सालची, सार्जंट वगैरे दर्जाच्या सैनिकांना सरकारकडून मिळणारी. पाते कारखान्यातले, त्यात यंत्राने काढलेली पन्हळ. मूठ ओतीव धातूची, आरंभी तांब्याची, पुढे ॲल्युमिनियमची, आणि तिच्यावर गुंडाळलेल्या दोरीचा आभास रंगाने आणि नक्षीने आणलेला. पात्यावर क्रमांक, म्यानावर तोच क्रमांक. अखेरच्या काळात माल संपत आला तसा ॲल्युमिनियम जाऊन साधे लाकूड आले. तलवारींच्या बैठकीत ही तलवार कधी येत नाही.

आता तो दुसरा गंज. अनेक अधिकाऱ्यांनी घराण्यातले जुने पाते लष्करी मुठीत आणि तपकिरी धातूच्या म्यानात बसवून रणांगणावर नेले. त्यामुळे युद्धानंतर परदेशांत गेलेल्या तलवारींत मधूनच चारशेपाचशे वर्षांचे पाते निघते, आणि म्हणूनच संग्राहक प्रत्येक लष्करी तलवार उत्सुकतेने उघडून पाहतात. निघाले तर काय करतात? तोगिशिकडे पाठवतात, साध्या पांढऱ्या लाकडाच्या 'शिरासाया' म्यानात ठेवतात, आणि लष्करी साज बाजूला काढतात. पुष्कळदा वेगळा विकतात. शरणागतीच्या वेळी तलवारीला बांधलेली, मालकाचे नाव आणि तुकडी लिहिलेली चिठ्ठी असेल, तर तीही त्या साजाबरोबर जाते. यानंतर पात्याच्या कागदपत्रांत पंधरावे शतक असते, बिझेन असते, घराणे असते. १९३७ ते १९४५ ही आठ वर्षे त्यात नसतात.

ती आठ वर्षे काय होती? २४ ऑक्टोबर १९४३ रोजी न्यू गिनीतल्या आइतापेच्या किनाऱ्यावर लेनर्ड सिफ्लीट या ऑस्ट्रेलियन युद्धकैद्याचा शिरच्छेद झाला. त्या क्षणाचे छायाचित्र पुढच्या वर्षी दोस्तांच्या हाती लागले आणि जगभर पोचले. गुडघ्यावर बसवलेला, डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस आणि वर उचललेली तलवार. लष्करी तलवार आधुनिक युद्धात निरुपयोगी शोभेची वस्तू होती, असे संग्राहकांच्या पुस्तकांतून वाचायला मिळते. समोर मशीनगन असेल तर ते खरे. समोर हात बांधलेला माणूस असेल तर ते खरे नाही.

मी हे लिहितो ते संग्राहकांना दोषी ठरवण्यासाठी नव्हे. त्यांच्यातली उत्तम माणसे मी पाहिली आहेत, आणि या मंडळींनीच पुष्कळ काही वाचवले आहे. १९४५ नंतर अमेरिकन सैन्याने जपानभरच्या तलवारी जप्त केल्या. तोक्योच्या उत्तरेकडच्या आकाबाने डेपोत त्यांचे ढीग लागले. कितीएक वितळवल्या गेल्या, कितीएक सैनिकांच्या पिशव्यांतून देशाबाहेर गेल्या. होन्मा जुन्जी आणि त्यांच्यासारख्या जाणकारांनी अमेरिकन अधिकारी कर्नल कॅडवेल यांना पटवून दिले, की यातली काही पाती म्हणजे चित्रे-शिल्पे यांच्यासारखी कला आहे. आकाबानेच्या ढिगांतून सुमारे साडेपाच हजार तलवारी निवडून तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेल्या. मूळ मालक सापडले नाहीत अशा उरलेल्या १९९९ साली देशभरच्या संग्रहालयांना वाटल्या गेल्या. तोकुगावा घराण्याची 'होन्जो मासामुने' मात्र १९४५ च्या डिसेंबरात तोक्योच्या मेजिरो पोलीस ठाण्यात जमा झाली ती कायमचीच नाहीशी झाली. याउलट कागोशिमाच्या तेरुकुनी देवळाची, कुनिमुने या लोहाराची राष्ट्रीय ठेवा ठरलेली ताची अमेरिकेतले संग्राहक डॉ. वॉल्टर कॉम्प्टन यांना आपल्याकडच्या पात्यांत सापडली, आणि त्यांनी ती १९६३ साली कोणताही मोबदला न घेता देवळाला परत केली. तिचा नाकागो कोणी घासला असता, तर ती ओळखताच आली नसती.

पण होन्मांच्या त्या युक्तिवादाची एक किंमत होती. ती तेव्हा देणे अटळ होते आणि आजही दिली जात आहे. जपानच्या कायद्यात पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या तलवारीला नोंदणीपत्र मिळते, आणि ते देण्याचे काम प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे आहे, कारण ती कला आहे. कारखान्यात बनलेली ९५ नमुन्याची तलवार कुणाच्या माळ्यावर सापडली, तर तिला नोंदणीपत्र मिळत नाही. ती निव्वळ शस्त्र ठरते आणि नष्ट होते. एकाच तुकडीत, एकाच दिवशी, शेजारी शेजारी उभ्या असलेल्या कॅप्टनचे जुने पाते कला आणि सार्जंटचे नवे पाते शस्त्र. भेद घडणीवरून ठरला. ते काय करीत होते, यावरून ठरला नाही. सुंदर वस्तू वाचवण्यासाठी ती निरपराध असल्याचे सांगावे लागले. मग हळूहळू सांगणाऱ्यांनाही ते खरे वाटू लागले.

*

या सगळ्याचा आपल्याशी थेट संबंध आहे, तो ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे. १९४४ च्या मार्चमध्ये इंफाळकडे चालून आलेल्या जपानी सैन्याला सांगशाक येथे रोखून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. पुढच्या वर्षी शरणागतीच्या वेळी मॅकआर्थरचे मत, तलवारी घेण्याचा जुनाट विधी नको, असे होते. चौदाव्या सेनेचा सेनापती राहिलेला स्लिम याने ते मानले नाही. जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या सैनिकांसमोरच तलवारी द्याव्यात, असा त्याने आग्रह धरला. जनरल किमुराची तलवार पुढे स्लिमच्या घरी शेकोटीवरच्या फळीवर विसावली, असे त्याने आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. अशा तलवारी पलटणींच्या मेसमध्ये आल्या, आणि काही घरांतही आल्या.

भारतात परतल्यावर साताऱ्याकडच्या एका गावातून मला बोलावणे आले. आजोबा त्या आघाडीवर लढलेले सुभेदार, केव्हाच वारलेले. त्यांनी आणलेली तलवार घरात होती. नातवाने तिच्या परवान्याचे जुने कागद नीट जपले होते. परदेशी लिलावांतले सामुराई तलवारींचे आकडे त्याने पाहिले होते, आणि मी येण्यापूर्वी ती शिकलगाराकडून लखलखीत करून घ्यावी असे त्याच्या मनात होते. फोनवर मी एवढेच सांगितले, की हात लावू नका.

ट्रंकेतून तलवार निघाली. ओतीव मुठीवरचा तपकिरी रंग जागोजागी उडाला होता आणि खालचे ॲल्युमिनियम चमकत होते. मूठ बांबूच्या खुंटीने नव्हे, स्क्रूने बसवलेली. पात्यात पन्हळ, हामोनचा मागमूस नाही. गंजातून क्रमांक वाचता आला. म्यानावरचा क्रमांक मात्र निराळा होता. शरणागतीच्या ढिगात पाते एकाचे आणि म्यान दुसऱ्याचे असे जुळले असणार. मी नातवाला सांगितले, की ही सामुराईची नाही, कारखान्यातली आहे, सार्जंटच्या दर्जाची. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "म्हणजे खोटी का, सर?" मी म्हणालो, "नाही. अगदी खरी आहे. मी पाहिलेल्यांपैकी फार थोड्या इतक्या खऱ्या होत्या."

सुभेदारांच्या सूनबाई, आता स्वतःच आजी झालेल्या, दारातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "खंडेनवमीला आमच्यात समदी हत्यारं पुजत्यात. कोयतं, कुऱ्हाडी, घरातली जुनी तलवार. ही मातुर मामंजींनी कवा पुजू दिली न्हाई. आन् टाकूबी दिली न्हाई."

मी विचारले, "का ते कधी बोलले, आजी?"

"म्हनायचे, हिच्यावर कुनाचं रगत हाय ठावं न्हाई. आपल्या मानसाचं आसंल तर पुजायची कशी, आन् टाकायची कशी."

तोक्योतल्या एकाही बैठकीत मला इतके नेमके परीक्षण ऐकायला मिळाले नव्हते. त्या सुभेदारांनी हामोन हा शब्द ऐकला नसेल. पण पुजायची नाही, टाकायची नाही आणि घासायचीही नाही, अशी तलवार चाळीस वर्षे घरात ठेवणे म्हणजे काय, हे त्यांना कळत होते. नातवाने मला चिठ्ठी लिहून मागितली. मी लिहिले: जपानी लष्कराची ९५ नमुन्याची तलवार, कारखान्यात केलेली, १९३५ ते १९४५ च्या दरम्यानची, पाते व म्यान यांचे क्रमांक वेगळे, सुभेदारांनी ब्रह्मदेशातून आणली, त्यांनी तिची पूजा केली नाही, साफ करू नये. शेवटून दुसरे वाक्य लिहावे की नाही याचा मी क्षणभर विचार केला, आणि मग ठरवले, की वस्तूच्या ओळखीत तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. तलवार विकायची की ठेवायची, हे त्या घराने ठरवायचे. चिठ्ठी मात्र तिच्याबरोबर राहील असे नातवाने मला सांगितले, आणि ते सांगताना त्याचा चेहरा मघासारखा उतरलेला नव्हता.

माझ्या संग्रहात आजही तलवार नाही. काही 'ओशिगाता' आहेत: नाकागोवर पातळ कागद ठेवून शाईच्या वडीने घेतलेले ठसे. त्यांत लोहाराचे नाव उमटते, कानशीच्या रेघा उमटतात, खुंटीची भोके पांढरी राहतात, आणि त्या सर्वांभोवती गंजाचा खरबरीत पोत उमटतो. ठसा घेणाऱ्याने तो टाळलेला नसतो, कारण त्याच्यावाचून सही खरी की खोटी हे ठरत नाही.

या लोकांकडून मी एवढे शिकलो, की सुंदर वस्तूवरही गंज असू शकतो, आणि तो तिचा दोष नसून दाखला असतो. माझी अपेक्षा इतकीच, की मुठीतल्या गंजाला जो न्याय ते देतात, तोच त्या तपकिरी म्यानांना, तुटक्या चिठ्ठ्यांना आणि न जुळणाऱ्या क्रमांकांना द्यावा. पंधराव्या शतकातल्या पात्याच्या कागदावर १९४४ हे सालही लिहावे. पाते त्याने कमी सुंदर होत नाही. पाहणारा मात्र थोडा वेळ गप्प बसतो. आणि पाते पाहताना बोलू नये, हा तर पहिल्यापासूनचा नियम आहे.